कुत्री आहे म्हणून दीड लाख डिपॉझिट मागतायत, देऊ का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकहून पुण्याला बदली झाली आहे, घरात तुम्ही दोघं आणि अडीच वर्षांची लॅब्राडॉर. कोथरूडला टू बीएचके पसंत पडला, भाडं २८ हजार. मालकांनी आधी तीन महिन्यांचं, म्हणजे ८४ हजार डिपॉझिट सांगितलं होतं. कुत्री आहे म्हटल्यावर त्यांनी दोन पर्याय पुढे केले. एक तर ८४ हजारच ठेवा, पण वर २० हजार ‘पेट चार्जेस’ द्या, ते परत मिळणार नाहीत. नाहीतर डिपॉझिट दीड लाख ठेवा, ते सगळं परत. शिवाय एजंट दीड महिन्याचं ब्रोकरेज मागतोय. हे कायदेशीर आहे का, कोणता पर्याय घ्यावा, आणि कुत्रीचं सांगितलंच नसतं तर चाललं असतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात सतरा वर्षं भाड्याची घरं लावून देते आणि लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेवापराचे, करार करते. पाळीव प्राणी असलेली कुटुंबं यात भरपूर आली. त्या अनुभवावर सांगते.

शेवटचा प्रश्न आधी संपवते. लपवू नका. ‘कुत्रा गावी असतो, अधूनमधून येतो’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही. लॅब्राडॉर काही खिशात मावत नाही. पहिल्या संध्याकाळी तुम्ही तिला फिरवायला खाली उतरलात की वॉचमनला कळतं, दुसऱ्या दिवशी कमिटीला, तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन. आपल्याकडच्या बहुतेक छापील करारांत ‘शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे वर्तन लायसन्सी (म्हणजे भाडेकरू) करणार नाही’ अशी अट असतेच. तिचा आधार घेऊन महिन्याची नोटीस हातात पडते. सामान हलवायचा टेम्पो, दुसरं ब्रोकरेज, दुसरा करार, हा खर्च मालक मागतायत त्या २० हजारांच्या कितीतरी पुढे जातो.

आता कायद्याचं. इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला रहिवाशांचे पाळीव प्राणी बंद करता येत नाहीत, लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत, असं त्यांत म्हटलंय. प्राणिमात्रांबद्दल दयाभाव हे घटनेच्या कलम ५१अ (जी) मधलं मूलभूत कर्तव्य आहे, त्याचाही आधार घेतला जातो. पण हे सगळं सोसायटी आणि रहिवासी यांच्यातलं झालं. मालक आणि तुम्ही यांच्यातला व्यवहार हा खाजगी करार आहे. स्वतःच्या फ्लॅटमध्ये कुत्रा नको म्हणायचा मालकांना हक्क आहे, आणि ‘चालेल, पण इतके पैसे’ म्हणायचाही. समोर बसून त्या सूचनांचा कागद फडकावून घर मिळाल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. घर हातचं गेल्याचं मात्र पाहिलंय.

डिपॉझिटच्या मर्यादेचंही तसंच. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट लिहिलंय, म्हणून बरेच जण तो मोबाइलवर दाखवतात. पण तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला अशी दोन महिन्यांची कमाल मर्यादा नाही. तेव्हा दीड लाख मागणं बेकायदा नाही. २० हजार परत न देण्याच्या बोलीवर घेणंही, तुम्ही कबूल होऊन लिहून दिलंत तर, बेकायदा नाही. ते शहाणपणाचं आहे का, हा वेगळा मुद्दा.

तो आकड्यांत बघू. दीड लाखाच्या पर्यायात तुमचे ६६ हजार जास्तीचे अडकतात. बँकेत मुदत ठेवीला सात टक्के धरले तर अकरा महिन्यांत साधारण सव्वाचार हजार व्याज बुडतं. दुसऱ्या पर्यायात सरळ २० हजार जातात. म्हणजे पैसे उभे करता येत असतील तर दीड लाख स्वस्त पडतात. तिसराही एक पर्याय मालकांपुढे ठेवून बघा: डिपॉझिट ८४ हजारच, भाडं हजार रुपये जास्त. अकरा महिन्यांचे ११ हजार होतात, आणि काही मालकांना दरमहाची ही वाढ जास्त आवडते. यातलं काय बरं ते तुमच्या हातात आज रोख किती आहे यावर ठरेल. बदलीच्या महिन्यात दीड लाख, ब्रोकरेज आणि पहिलं भाडं एकदम काढणं सगळ्यांना जमत नाही. त्यासाठी पर्सनल लोन काढायचं असेल, तर मग हजार रुपये वाढीव भाडं पत्करलं.

२० हजारवाल्या पर्यायात एक काटा आहे, तो कुणी सांगत नाही. हे पैसे एकदाच द्यायचे आहेत की दर अकरा महिन्यांनी? एका कुटुंबाने ‘पेट चार्जेस’ भरले, करार संपला, नवीन करायची वेळ आली तेव्हा मालकांनी शांतपणे पुन्हा तेवढेच मागितले. त्यांचं म्हणणं, करार नवा तर चार्जेसही नवे. आधीच्या कागदावर ‘एकदाच’ हा शब्द नव्हता. तो पर्याय घ्यायचाच झाला, तर करार २२ किंवा ३३ महिन्यांचा करा आणि ‘संपूर्ण वास्तव्यासाठी एकदाच’ असं लिहून घ्या. अकरा महिन्यांचा करार ही निव्वळ सवय आहे. वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही या जुन्या समजुतीतून ती आली. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा.

मला वाटतं, तुमची खरी अडचण दीड लाख की ८४ हजार ही नाहीच. जे काही ठेवाल ते अकरा महिन्यांनी किती परत येणार, ही आहे. आणि ते घर सोडताना ठरत नाही, आत शिरताना ठरतं.

कर्वेनगरमधली एक गोष्ट सांगते. तिसरा मजला, गोल्डन रिट्रीव्हर, नवराबायको दोघं नोकरीवाले. कुत्रा दिवसभर एकटा, त्यामुळे मुख्य दरवाजाच्या आतल्या बाजूला, खालच्या फूटभर पट्ट्यात, नखांचे ओरखडे. घर सोडताना मालकांनी ३५ हजार कापायचं ठरवलं: नवा दरवाजा, नवी चौकट, हॉलचा रंग. मी माझ्या नेहमीच्या सुताराला घेऊन गेले. तो दारापुढे उकिडवा बसला, ओरखड्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं, दरवाजावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, ‘ताई, लाकडाला काही झालेलं नाही. सनमायका बदला, दार कशाला बदलता?’ एक शीट, चिकटवायचं सामान, मजुरी, सगळं चार हजारांच्या आत. मालकांना ते पटलं. पण लगेच त्यांनी कुलपाजवळचे ओरखडे, बाल्कनीच्या सरकत्या खिडकीची फाटलेली जाळी आणि बेसिनखालचं फुगलेलं कपाट दाखवलं. बेसिनखालचं कपाट कुत्रा कसं फुगवेल? पण ते आधीपासून तसं होतं याचा एकही फोटो भाडेकरूंकडे नव्हता. शेवटी १५ हजारांवर तोडगा निघाला. त्यातले निदान दहा हजार फोटो नसल्यामुळे गेले असं मी समजते.

मालकांचीही बाजू आहे, आणि ती मी स्वतः भोगलीय. सिंहगड रोडला माझा एक फ्लॅट आहे. बेडरूमला हौसेने लाकडी लॅमिनेट फ्लोअरिंग घातलं होतं. बीगल असलेलं एक कुटुंब ठेवलं, माणसं फार चांगली, अजूनही दिवाळीला फराळ पाठवतात. कुत्रा कोपऱ्यात शी-शू करायचा, ते लगेच पुसायचे. पण पाणी फळ्यांच्या सांध्यांतून खाली उतरत राहिलं. पावसाळ्यात फळ्यांच्या कडा पापडासारख्या वर आल्या आणि खोलीत पाऊल ठेवलं की वास. सगळं फ्लोअरिंग उचकटून टाइल बसवावी लागली. मी दोन महिन्यांचंच डिपॉझिट घेतलं होतं, ते जवळजवळ सगळं त्यात गेलं, आणि ते मागताना मलाच संकोच झाला. तेव्हापासून कुत्रा म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालणाऱ्या मालकाला मी नावं ठेवत नाही.

यावरून घर बघतानाच काही गोष्टी तपासा. जमिनीवर व्हिट्रिफाइड टाइल असेल तर नखांची आणि ओलीची फारशी काळजी नाही. लाकडी फ्लोअरिंग असेल तर ते घर सोडून द्या, भाडं कितीही बरं असो. पांढरा संगमरवर असेल तर सावध, त्यावर मूत्राचे डाग धरतात, आणि ते काढायला कुणी व्हिनेगर ओतलं तर पॉलिशही उडतं. कोथरूडच्या जुन्या इमारतींत मोझॅकच्या फरश्या सापडतात, त्या बऱ्याच सहनशील असतात. फर्निश्ड घर टाळा. मालकांचा सोफा आणि तुमची लॅब्राडॉर यांचं जमणार नाही, आणि जमलंच तर ते आणखी वाईट, कारण मग ती त्यावरच झोपेल. रिकाम्या घराचं डिपॉझिट कमी करून मागणं सोपं जातं. नुकसान होण्यासारखं आहे काय आत?

फोटो मी असे काढून घेते: किल्ली हातात आल्या दिवशी, सामान आत यायच्या आधी, दिवसाउजेडी. प्रत्येक दरवाजाचा खालचा अर्धा भाग जवळून, चौकटीचे कोपरे, खिडक्यांच्या जाळ्या, किचन ट्रॉलीच्या खालची पट्टी, बेसिनखालचं कपाट उघडून, बाल्कनीच्या जाळीचा सांधा. मग तेच फोटो त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचे, सोबत एवढंच: ‘आज ताबा घेताना घर असं आहे, नोंदीसाठी पाठवत आहे.’ वाद नाही, तक्रार नाही. दोन निळ्या टिका दिसल्या की तुमचं काम झालं. नुसते स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवलेले फोटो ऐनवेळी ‘हे कधीचे कुणास ठाऊक’ म्हणून बाजूला सारले जातात.

करारातल्या शब्दांकडे वळू. ऑनलाइन नोंदणीच्या करारात आपल्या अटी घालायला जागा असते, पण एजंट ती छापील अटींनी भरून टाकतात. मी यातलं वाक्य साधारण असं लिहिते (लायसन्सर म्हणजे मालक): ‘लायसन्सी यांच्याकडे लॅब्राडॉर जातीची एक कुत्री असून तिला सदर जागेत ठेवण्यास लायसन्सर यांची संमती आहे. तिच्यामुळे प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीच्या दुरुस्तीचा खर्च बिल दाखवून अनामत रकमेतून वजा करता येईल. नेहमीच्या वापराने होणारी झीज नुकसान धरली जाणार नाही. जागेचा ताबा परत मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उर्वरित रक्कम लायसन्सी यांच्या बँक खात्यात जमा केली जाईल.’ यातला ‘बिल दाखवून’ हा शब्दप्रयोग सोडू नका. बाकी सगळं मालकांनी बदललं तरी एवढं राहू द्या. अंदाजाने सांगितलेले ३५ हजार बिल आणायला सांगितलं की बहुधा चार-सहा हजारांवर येतात. पंधराच्या जागी मालकांना तीस दिवस हवे असतील तर द्या, काही बिघडत नाही.

ज्यात अजिबात सूट देऊ नका ते हे: डिपॉझिटची पूर्ण रक्कम करारात लिहिलेली हवी आणि ती बँकेतून गेलेली हवी. ‘८४ करारात दाखवू, बाकी ६६ रोख द्या, स्टॅम्प ड्यूटी वाचेल’ असं हमखास सुचवलं जातं. वाचतं किती ते बघा. लिव्ह अँड लायसन्सची स्टॅम्प ड्यूटी पाव टक्का आहे. ती एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वार्षिक दहा टक्के दराने व्याज, या तिन्हींच्या बेरजेवर लागते. तुमच्या बाबतीत अकरा महिन्यांचं भाडं ३,०८,०००, दीड लाखावरचं व्याज १३,७५०. त्याचा पाव टक्का म्हणजे साधारण ८०४ रुपये. ८४ हजार दाखवले तर ७८९. पंधरा रुपये वाचवायला ६६ हजार हवेत सोडायचे? नोंदणी फी शहरी भागात हजार रुपये आहे, ती दोन्हीकडे तेवढीच.

करार नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कलम ५५ सांगतं. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे मालकांना धमकी म्हणून ऐकवू नका. ‘नोटराइज्ड चालेल की’ असं कुणी म्हणालंच, तर ‘काका, यात अडचण तुम्हाला येईल’ एवढं पुरतं.

बोलणी करण्याआधी एक करा. मालकांना विचारा की नेमकी भीती कशाची आहे. आम्ही एजंट लोक हे विचारत नाही, थेट आकड्यावर येतो, आणि तिथेच फसतो. एका मालकांशी मी अर्धा तास डिपॉझिटवर घासाघीस केली, मग कळलं की पैशाचा प्रश्नच नव्हता. खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत होते, आणि आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्याची नखं पहाटे सहाला टाइलवर टकटक वाजायची म्हणून त्यांनी मालकांना वर्षभर हैराण केलं होतं. भाडेकरूंनी हॉलमध्ये जाड रबरी मॅट टाकायचं आणि नखं वेळच्या वेळी कापायचं कबूल केलं, सेक्रेटरींना एकदा भेटून आले. डिपॉझिट तीन महिन्यांवरच राहिलं. तुमच्या मालकांना रंगाची भीती आहे, वासाची आहे की कमिटीची, हे कळल्याशिवाय दीड लाखाला काय उत्तर द्यायचं ते ठरत नाही.

भेटायला जाताना एक पातळ फाइल न्या. अँटी-रेबीज आणि बाकीच्या लसींच्या नोंदींचं कार्ड, नाशिकच्या घरमालकांचा फोन नंबर (त्यांना आधी विचारून), तिचे घरातले दोन-चार फोटो. पुण्यात आल्यावर महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढणार आहात हेही सांगा, आणि खरंच काढा. जमल्यास मालकांना तिला भेटवा, पण लांब फेरी मारून दमवल्यानंतर. अडीच वर्षांची लॅब्राडॉर ताजीतवानी असताना कुणाच्या अंगावर उडी घेईल सांगता येत नाही, आणि पांढरा झब्बा घातलेले काका असतील तर बोलणी तिथेच संपतात.

कमिटीने ‘पेट फी’ म्हणून दरमहा काही मागितलं तर ते मालकांमार्फत लेखी मागा. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी मालकांकडून बिनभोगवटा शुल्क घेते, तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. लेखी मागितलं की अशा बऱ्याच फिया आपोआप विरतात. पट्टा लावून फिरवणं, आवारात घाण झाली तर उचलणं, हे मात्र नियम असो वा नसो, करावं लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पार्किंगमध्ये पोरं खेळत असतात तेव्हा दुसऱ्या गेटने जा.

घर सोडताना महिनाभर आधी मालकांना एकदा बोलवा आणि बरोबर फिरून सगळं बघा. जे दिसेल ते तुम्हीच दुरुस्त करून घ्या. जाळी बदलायला तुम्हाला जे पडतं, त्याच्या दुप्पट-तिप्पट मालकांच्या हिशोबात पडतं, कारण त्यांना मागे लागून माणूस आणावा लागतो. शेवटच्या आठवड्यात गोचिडांसाठी पेस्ट कंट्रोल करा आणि पावती ठेवा. गोचीड भिंतीच्या फटीत, स्विचबोर्डमागे राहतात, आणि पुढच्या भाडेकरूला चावल्या की तुमचा नंबर फिरतो. ‘शेवटचे दोन महिने भाडं डिपॉझिटमधून कापा’ हे भाडेकरूंचं आवडतं अस्त्र आहे. मालकांची लेखी संमती असेल तरच ते वापरा. नाहीतर भाडं थकवल्याचा दोष तुमच्याकडे येतो, आणि मग दारावरच्या ओरखड्यांवर बोलायला तोंड राहत नाही.

तेव्हा तुमच्या जागी मी असते तर हजार रुपये वाढीव भाड्याचा प्रस्ताव आधी ठेवला असता. नाही जमला तर दीड लाख, पण पूर्ण रक्कम करारात, बँकेतून, आणि ‘बिल दाखवून’ या शब्दांसकट. २० हजारवाला पर्याय मी घेतला नसता, अपवाद एकच: ३३ महिन्यांचा करार आणि त्यात ‘एकदाच’ असं लिहिलेलं. तरीही त्याबरोबर ‘या रकमेतून आधी नुकसान भागवले जाईल’ हे घालून घ्या. नाहीतर २० हजार जातील आणि दरवाजाचे पैसे डिपॉझिटमधून वेगळे कापले जातील. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एजंटाचं राहिलंच. पुण्यात एक महिन्याचं ब्रोकरेज चालतं. कुत्री आहे म्हणून अर्धा महिना जास्त, याला रिवाज नाही, कायदा तर नाहीच. त्याला सांगा, महिन्याचं देतो, पण करारात माझी अट तू टाइप करून घालायचीस आणि ताबा घेताना फोटोंच्या वेळी हजर राहायचंस. कुरकुर करेल, पण पेटवाली पार्टी त्याला पुन्हा सहज मिळत नाही हे त्यालाही ठाऊक असतं.